थप्पीला हात लावायचा नाही

जाऊबाईंचा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा त्याच्यापुढे एक चॉकलेट ठेवलं होतं. आत्ता खाल्लंस तर हे एकच, आई बाहेरून येईपर्यंत थांबलास तर दोन. तो थांबला. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाने इतक्यांदा ऐकली आहे की चॉकलेटच्या कागदाचा रंगही पाठ झाला आहे.

*

कुलूप पितळी होतं. नवं कोरं. दाराबाहेर माणसं जमली होती, बायका रडत होत्या, आणि त्या गर्दीत एकच माणूस पोट धरून हसत होता.

*

विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या खिशाला दोन पेनं असतात. एक स्वतः लिहायला. दुसरं समोरच्याला सही करायला द्यायला.

*

दाढ दुखायला लागली की लोक आधी चार महिने दुसऱ्या बाजूने चावतात. मग दवाखान्यात येतात आणि डॉक्टरणीलाच विचारतात, एवढा खर्च कसा हो?

*

"आधी गोड खाऊन घे. भात कुठे पळून जात नाही. गोड जातं."

*

साग कापला की फळ्या एकीवर एक रचायच्या, मधे पट्ट्या घालायच्या. वारा खेळला पाहिजे. वर पत्रा टाकायचा. मग त्याला विसरून जायचं. हे शेवटचं काम सगळ्यांना सहज जमतं.

*

या सगळ्याचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही असं ज्याला वाटेल, त्याने त्या रविवारी दुपारी वखारीच्या माडीवर येऊन बसायला हवं होतं.

माडी म्हणजे लाकडी जिना चढून गेल्यावरची कचेरी. एक लांबट टेबल, पाठीला टोचणाऱ्या चार खुर्च्या, भिंतीला टेकवलेला बाक आणि सगळ्यावर भुश्शाचा पातळ थर. कितीही पुसा, तासाभरात पुन्हा. खिडकीतून खालचं अंगण दिसतं. करवतीची शेड, ओंडके, आणि पार शेवटी पत्र्याखाली ती. थप्पी.

सासरे गेले त्याला आठ वर्षं झाली होती, पण त्यांची खुर्ची अजून रिकामी ठेवत. तिच्यात कोणी बसत नसे. थोरले, म्हणजे त्यांचा मोठा मुलगा, मात्र मुद्दाम तिच्या शेजारी बसत आणि एक हात तिच्या हातावर टाकून ठेवत, म्हणजे बसल्यासारखंही होई आणि बसलं नाही असंही होई. विम्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसालाच हे सुचावं.

त्यांच्या बाजूला जाऊबाई. समोर नणंद, दातांची डॉक्टर. जाऊबाई आणि नणंद गेल्या वर्षी दागिन्यांच्या वाटणीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यामुळे दोघी आपापलं बोलणं तिसऱ्याला सांगत. बाकावर सासूबाई, डोळे मिटून. त्या झोपल्यात की ऐकताहेत हे घरात कोणालाच कधी कळलं नव्हतं, आणि जे झोपल्यात समजून बोलले त्यांना ते महागात पडलं होतं. दाराजवळ, उठून जायची वेळ आली तर बरं पडावं अशा बेताने, मधला. म्हणजे घाईचा नवरा.

आणि घाई. हे तिचं नाव नव्हे. लग्नानंतर पंधरा दिवसांत सासरी ते पडलं, कारण नवी सून म्हणून आलेल्या पैशांचं तिने दुसऱ्याच दिवशी शिलाई मशीन आणलं होतं. "अगं, जरा ठेवायचे होतेस," जाऊबाई म्हणाल्या होत्या. "कशासाठी?" तिने विचारलं होतं. या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून तिला नाव मिळालं.

"विकायचं की थांबायचं, एवढाच प्रश्न आहे," थोरले म्हणाले. "आणि त्याचं उत्तर बाबा देऊन गेलेत."

"बाबांनी उत्तर दिलं तेव्हा खाली ठेकेदार उभा नव्हता," घाई म्हणाली.

"ठेकेदार नेहमीच खाली उभे असतात. आपल्याला वर बसून राहता आलं पाहिजे."

जाऊबाईंनी मान डोलावली. त्या नवऱ्याच्या वाक्यावर डोलावतात तशा वाक्याच्या आधीही डोलावतात. सोय असते.

ठेकेदार खरोखरच खाली उभा होता. कुठल्याशा मोठ्या हॉटेलचं काम त्याने घेतलं होतं आणि त्याला जुना साग हवा होता. थप्पीपाशी जाऊन त्याने एका फळीवर नख ओढून पाहिलं, वास घेतला आणि भाव सांगितला. चांगला सांगितला. "सगळी द्या, अर्धी द्या, पाव द्या," तो म्हणाला. "संध्याकाळी माझा ट्रक दुसरीकडे जातोय. आणखी थांबून काय लोणचं घालणार आहात?"

हे वाक्य थोरल्यांना फार लागलं होतं.

कारण थप्पी म्हणजे नुसतं लाकूड नव्हतं. सासऱ्यांनी ती रचून घेतली आणि म्हणाले, हिला हात लावायचा नाही. का, कधीपर्यंत, कोणी विचारलं नाही. पुढे थोरल्यांनी त्याचं पुराण केलं. नव्या सुनेला दुसऱ्या दिवशी थप्पी दाखवायला न्यायचे. मुलांना परीक्षेत कमी मार्क मिळाले की थप्पीसमोर उभं करायचे. "बघ, कशी मुरतेय. बोलते का काही?" वखारीत मंदी आली, दोन गडी कमी केले, मधल्याने तीन महिने घरखर्च बायकोच्या शिलाईवर काढला, थप्पीला कोणी हात लावला नाही. पत्रा मात्र दोनदा नवा घातला. त्याचे पैसेही शिलाईतूनच गेले.

"तीन वर्षं," थोरले आता बोटं वर करून सांगत होते. "फक्त तीन वर्षं कळ काढा. असा साग मिळणं बंद होत चाललंय. भाव दुप्पट होईल. पैसा झाडासारखा असतो. रोज उपटून मूळ बघितलं तर वाढेल का?"

"झाड उभं असतं, भाऊजी. हे कापलेलं आहे."

"शब्दात पकडू नकोस."

"मग कशात पकडू?"

नणंद हसली. ती अजून घाईच्या बाजूने होती. सकाळी फोनवर तसं ठरलंच होतं. "दादा, वहिनीचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मलाही आत्ताच हवेत. दवाखान्यातली खुर्ची बदलायचीय. पेशंट मागे टेकला की खुर्ची त्याच्याआधी ओरडते."

तिघंही एकाच आईच्या पोटची. पण ती एका घरात वाढली असं म्हणणं धादांत खोटं होतं, आणि हे घाईला बाहेरून आल्यामुळे स्वच्छ दिसत होतं.

थोरले वाढले तेव्हा वखारीच्या दारात दोन ट्रक उभे असत. त्यांनी सायकल मागितली. वडील म्हणाले, परीक्षेनंतर. परीक्षा झाली, सायकल आली. पेन मागितलं, वडील म्हणाले, गड्यांच्या पगाराच्या दिवशी. पेन आलं. बारा-पंधरा वर्षं हेच. सांगितलेली गोष्ट येते, हे त्यांना सूर्य उगवतो तितकं पक्कं ठाऊक झालं. त्याला ते स्वतःचा संयम म्हणत. तो संयम त्यांना वडिलांनी घेऊन दिला होता, सायकलीबरोबर.

मधला तिसरीत असताना वखारीला आग लागली. त्यालाही वडिलांनी तोच शब्द दिला होता, परीक्षेनंतर. परीक्षा झाली तेव्हा कर्जापायी कचेरीतलं कपाट उचलून नेलं जात होतं आणि एक माणूस शाळेच्या दप्तरावरही नजर टाकून गेला. त्यानंतर त्याने कशाची वाटही पाहिली नाही आणि कशाला हातही घातला नाही. विचारलं की म्हणतो, बघू. लोकांना वाटतं, काय शांत माणूस आहे! शांत कसला. दप्तर धरून उभा आहे तो अजून.

नणंद झाली ती हप्त्यांच्या काळात. तिच्या लहानपणी घरात वस्तू आधी येत आणि पैसे मागाहून जात. फ्रिज आला, टीव्ही आला, ती स्वतः डॉक्टर झाली तीही कर्जावरच. तिच्या दृष्टीने उद्या म्हणजे एक भला माणूस, जो आजचं बिल भरतो.

आणि घाईचे वडील वसतिगृहांच्या भटारखान्यात स्वयंपाकी होते. आधी गोड खाऊन घे, असं तेच पोरीला सांगत. नोकरीबरोबर खोली मिळे, नोकरीबरोबरच जाई. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, असा आईचा नियम होता. निघताना उपटायला वेळ मिळत नाही. तरी वडिलांनी एकदा मनाचा हिय्या केला आणि एका योजनेत पैसे भरले. सात वर्षांत दुप्पट. एजंट गोड होता, भिंतीवर झाडाचं चित्र होतं. मामाने तिसऱ्या वर्षीच दंड भरून आपले पैसे काढून घेतले. सगळं घर त्याला हसलं. जरा दम नाही मेल्याला! मग एका सकाळी त्या ऑफिसला नवं पितळी कुलूप दिसलं. ज्यांना दम होता ते सगळे बाहेर उभे होते. पोट धरून हसत होता तो मामा.

तेव्हापासून कोणी झाडाचं उदाहरण दिलं की घाईचा हात आपोआप पर्सवर जाई.

*

"हे बघ," थोरले बहिणीकडे वळले. आवाज विम्याचा झाला, मऊ, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात टाकणारा. "खुर्चीचे हप्ते मी भरतो."

"म्हणजे?"

"तीन वर्षं मी भरतो. थप्पी विकली की वळते करून घेऊ."

"व्याज?"

"बहिणीकडून व्याज घेईन का मी?"

नणंद खिडकीबाहेर बघायला लागली. खाली ठेकेदार गाडीला टेकून सिगारेट ओढत होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, जणू निर्णय त्याच्या धुरात लिहिलेला आहे.

"तसं म्हटलं तर," ती म्हणाली, "थांबायला माझी हरकत नाही. बाबांची आठवण आहे शेवटी."

"किती झटपट मुरलात, वन्सं," घाई म्हणाली.

"टोमणे नकोत हं, वहिनी."

"टोमणा कुठे? कौतुक करतेय. सागाला पंचवीस वर्षं लागली, तुम्हाला एक सिगारेट."

"हिला सांगा," जाऊबाई नवऱ्याकडे बघत, म्हणजे नणंदेला उद्देशून, म्हणाल्या, "हिने चांगला निर्णय घेतला म्हणावं. थांबणं रक्तात असावं लागतं. आमचा सोन्या चार वर्षांचा होता ना—"

"चॉकलेट," नणंद म्हणाली.

"चॉकलेट," मधला पुटपुटला.

"ऐका तर. समोर चॉकलेट आणि पोरगं हूं की चूं नाही! भिंतीकडे तोंड करून बसला. मी आले, दोन दिली."

"दिलीत ना?" घाईने विचारलं.

"दिली तर! कबूल केलं होतं."

"आणि समजा, बाहेरून आलात आणि म्हणालात, अगं बाई, डब्यातली संपलीच की. आहे तेही तुझ्या ताईला देऊन टाकते. मग पुढच्या खेपेला थांबला असता सोन्या?"

"मी असं कशाला करीन?"

"तेच म्हणतेय मी. तुम्ही असं करणार नाही हे त्याला ठाऊक होतं. डबा भरलेला आहे हेही ठाऊक होतं. यात त्याचं कसलं कौतुक, ताई? कौतुक करायचं तर डब्याचं करा."

जाऊबाई लाल झाल्या. "बोलायला काय जातं! आज कुठे पोचलाय बघ तो. परदेशात."

"तिथून दर महिन्याला भाऊजींना फोन येतो तो कशासाठी? थांबू का म्हणून विचारायला?"

बाकावरून सासूबाईंचा एक आवाज आला. खोकला असावा.

*

थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. चाळीस वर्षं ते हे करत आले होते. समोरच्याला वाटावं की आता अखेरचं आणि त्याच्याच भल्याचं बोलणं येतंय.

"तुला थांबणं जमत नाही," ते म्हणाले. "तुझी चूक नाही. ज्या परिस्थितीतून माणूस येतो ती सुटत नाही. मी समजू शकतो."

घाईला कोणी शिव्या दिलेल्या चालत. समजून घेतलेलं चालत नसे.

"म्हणून मी मार्ग काढलाय. तुमचा वाटा मी घेतो. आज, रोख. ठेकेदाराने सांगितलेल्या भावाच्या पाऊण."

"पाऊण का?"

"कारण ठेकेदाराला तुम्ही एकटे विकू शकत नाही. त्यासाठी थप्पी मोडावी लागेल, आणि थप्पी मोडायची नाही. मी तीन वर्षं पैसा अडकवणार, त्याची काही किंमत आहे की नाही? आणि तुला आजच हवेत." ते किंचित हसले. "गाळ्याच्या मालकाला संध्याकाळपर्यंत द्यायचेत ना?"

खाली कोणीतरी ओंडका ढकलला.

गाळा. रस्त्याला लागून असलेला, वर पत्रा, आत ओळीने मशिनं. घाई तिथे शाळांचे गणवेश आणि दवाखान्यांचे गाऊन शिवून घेत होती, चार बायका हाताखाली. गाळा भाड्याचा. मालक विकायला निघाला होता आणि शेजारचा पडदेवाला पैसे घेऊन तयार होता. आज रात्रीपर्यंत तुमचं नाहीतर उद्या सकाळी त्याचं, असं मालकाने सांगितलं होतं. म्हणजे पुन्हा सामान बांधायचं. पुन्हा कोणाच्या तरी दारात मशिनं. ज्या भिंतीत खिळा ठोकता येईल अशी एक भिंत तिला हवी होती, आणि ती मागण्यात कसली आली आहे घाई? पन्नाशीला आली होती ती.

हे तिने माडीवर कोणाला सांगितलं नव्हतं. गरज दिसली की भाव पडतो. तिने एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि बजावलं होतं.

तिने मधल्याकडे पाहिलं. मधला आपली नखं बघत होता. नखांत लाकडाचं पॉलिश होतं.

"काल सहज विषय निघाला," तो म्हणाला.

"सहज."

"दादाने विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं..."

"बघू म्हणायचं होतंत! जन्मभर सगळ्याला बघू म्हणता, कालच तेवढं तोंड उघडलंत?"

थोरल्यांनी तोवर चेकबुक टेबलावर ठेवलं होतं. घाईला आधी ते दिसलंच नाही, मग दिसलं आणि दिसतच राहिलं. रविवारी दुपारी, वडिलांच्या थप्पीचं ठरवायला जमलेल्या बैठकीत, माणूस घरून चेकबुक घेऊन निघाला होता. म्हणजे काल विषय सहज निघाल्यापासून रात्रभर त्यांना दम धरवला नव्हता. तीन वर्षं कळ काढणारा महात्मा! दुसऱ्याचा वाटा पाऊण भावात दिसला आणि सकाळचा चहासुद्धा उभ्याने घेतला असेल.

"पेन देऊ?" थोरल्यांनी खिशातलं दुसरं पेन काढून मधल्यापुढे धरलं.

घाईने मनात आकडा मांडला. तो मांडायला तिला फार वेळ लागत नसे. पाऊण वाट्यात गाळा येत होता. तिची थोडी शिल्लक आणि निम्मी मशिनं विकून. गाळा येणार आणि आत शिवायला काही उरणार नाही. छान. भिंतच भिंत.

"आम्हाला पैसे नकोत," ती म्हणाली.

थोरल्यांचा हात पेनासकट हवेत राहिला.

"लाकूड द्या."

"काय?"

"आमच्या वाट्याचं लाकूड. तिसरा हिस्सा आहे ना? मोजा आणि द्या. आम्ही ते जाळू, नाहीतर खाली उभ्या असलेल्या माणसाला विकू. तुम्ही दोघं खुशाल मुरत बसा."

"थप्पी मोडायची?" जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "अगं, बाबांची थप्पी!"

"एवढ्या वर्षांची रचना आहे ती," थोरले म्हणाले. "एकदा हलली की बाक येतो, चिरा पडतात. आमचंही नुकसान. हिला काय, हिचं काय जातंय!"

"वहिनी, हे अती होतंय," नणंद म्हणाली. तिला हप्त्यांची काळजी लागली होती.

"लाकूड तुझं नाही," थोरले आता सावरले. "माझ्या भावाचं आहे. त्याने सांगावं."

सगळ्यांनी मधल्याकडे पाहिलं. घाईने पाहिलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिला कळून चुकलं होतं की या माणसाकडे बघितलं की तो दाराकडे बघतो. तिने खिडकीबाहेर बघितलं. ठेकेदार ट्रकच्या ड्रायव्हरला काहीतरी सांगत होता, आणि ड्रायव्हर किल्ली चाचपत होता. निघणार. आता हा बघू म्हणणार, ट्रक निघणार, पडदेवाला पडदे लावणार.

"मला..." मधला म्हणाला.

थोरल्यांनी पेन जरा पुढे केलं.

"मला लाकूड चालेल."

चहा घेणार की कॉफी, असं विचारल्यावर माणूस सांगतो तसं सांगितलं त्याने. पेन बाजूलाही सारलं नाही. नुसता त्याच्याकडे बघत राहिला, हे इथे कसं आलं अशा नजरेने.

"तुला समजतंय का तू काय बोलतोयस?" थोरल्यांचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "बायकोच्या नादाने—"

"नादाने नाही, दादा. तू पाऊण म्हणालास."

"अरे, ते धंद्याचं बोलणं!"

"हो ना. म्हणून लाकूड."

थोरल्यांनी खुर्चीच्या हातावरचा हात उचलला. राहिलेला एकच पत्ता त्यांनी टाकला. "वखार आईच्या नावावर आहे. तिच्या जागेत तिच्या शब्दाशिवाय काही हलणार नाही. आई! आई, ऐकतेयस ना?"

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"मोडा," त्या म्हणाल्या.

"आई, बाबांनी स्वतः सांगितलं होतं, हात लावायचा—"

"सांगितलं तेव्हा मी उभी होते तिथे. तू बदलीच्या गावी होतास."

"मग?"

"मग काय! मोडा म्हटलं ना. उरलेली रचताना मधे पट्ट्या नीट सरळ रेषेत घाला, नाहीतर बाक येईल आणि मग माझ्या नावाने बोटं मोडाल. आणि चहा कोणी सांगितलाय की नुसताच संयम चाललाय?"

*

थप्पी मोडायला एवढा वेळ लागला नाही जेवढा न मोडायला लागला होता. दोन गड्यांनी पत्रा उतरवला, ठेकेदाराने बाह्या सरसावल्या. पहिली फळी सरकली तेव्हा धुळीचा लोट उठला आणि जाऊबाईंनी पदर नाकाला लावला. कोणी गेल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

आणि थोरले? ज्यांच्या काळजाचे तुकडे व्हायला हवे होते, ते सगळ्यांत आधी फळ्यांपाशी जाऊन उभे राहिले.

"वाटणीत थोरला आधी निवडतो," ते म्हणाले. "रीत आहे."

"आत्ता सुचली की आधीची आहे?" घाईने विचारलं.

त्यांनी तळाच्या रुंद, अखंड फळ्या घेतल्या. बोटाने टकटक करत, एकेक उलटून बघत. मधल्या चांगल्या फळ्या नणंदेला सुचवल्या. तिच्याकडून पुढे हप्ते वळते करून घ्यायचे होते, माल बरा असलेला बरा. घाईच्या वाट्याला वरच्या आल्या. इतकी वर्षं पत्र्याची धग खाल्लेल्या, टोकांना फाटलेल्या. मोजमापाला सारख्या, दिसायला सख्ख्या, पण वर आणि तळ यांत जो फरक असतो तो होताच.

ठेकेदाराने फाटलेल्या टोकांवर पट्टी ठेवली. "एवढं कापून मोजणार, बाई. फाटकं मी हॉटेलात लावू शकत नाही."

"कापा."

त्याने कापून मोजलं. आकडा सांगितला. घाईने तो ऐकला आणि तिला हसू फुटलं. आधी ओठांत, मग मोठ्याने. मामा हसला असेल तसं. पाऊण भावाहून जरासाच वर होता तो.

"बघ!" थोरले म्हणाले. त्यांनाही हिशेब कळला होता. "काय मिळवलंस? माझ्याकडून घेतले असतेस तर एव्हाना घरी गेली असतीस. उगीच बाबांची थप्पी मोडलीस."

"तुमचं पेन वाचलं, भाऊजी."

"उतावळेपणाला औषध नाही."

"नाहीच. तुमच्याकडे चेकबुक होतं, तेही लागू पडलं नाही."

मधला ट्रकपाशी उभा राहून फळ्या चढवायला हात देत होता. कोणी सांगितलं नव्हतं. शेवटची फळी चढल्यावर त्याने पॅंटला हात पुसले, बायकोजवळ आला आणि कुजबुजला, "कमी पडतील का?"

"काजाचं मशीन आणि आणखी एक जाईल. बाकीची राहतील."

तो विचारात पडला. "बघू," म्हणाला.

"खबरदार बघू म्हणालात तर."

या वेळी दाराकडे बघायला तिथे दारच नव्हतं. मोकळं अंगण होतं. म्हणून तिच्याकडे बघत राहिला. कालच्या सहजची माफी त्याने मागितली नाही आणि तिने दिलीही नाही. तो हिशेब वेगळा होता, आणि तिला त्याची घाई नव्हती.

उरलेली थप्पी पुन्हा रचून झाली. पट्ट्या सरळ, वर पत्रा. थोरले तिच्याभोवती एक फेरी मारून आले, एका फळीवर थोपटलं आणि घाईपाशी येऊन थांबले.

"तीन वर्षांनी बोलू आपण," ते म्हणाले.

"बोलू की. गाळ्यावर या. मी तिथेच असेन."

ठेकेदाराने नोटांचं पुडकं तिच्या हातात ठेवलं. ती ते पर्समध्ये कोंबून तिथूनच चालायला लागली, मागे न बघता, जवळजवळ पळतच. जाऊबाई नणंदेला म्हणाल्या, "पाहिलंस?" गेल्या वर्षानंतर पहिल्यांदाच त्या थेट तिच्याशी बोलल्या होत्या. दोघींचं जमलं.

रात्री आठच्या आत गाळा तिचा झाला. पडदेवाला दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे घेऊन आला तेव्हा आतून ठोकण्याचा आवाज येत होता.

खूप वर्षांपूर्वी एका नाट्यगृहाच्या मालकाने तो साग कापून मागितला, उद्या गाडी पाठवतो म्हणाला आणि परत आलाच नाही. उद्यापर्यंत गड्यांनी त्यातली एखादी फळी दुसऱ्या कामाला वापरू नये, एवढ्यासाठी सासरे म्हणाले होते की हिला हात लावायचा नाही.